कोठी जंगलाची रिकामी, पंगत आमच्या शेतात



ज्वारी हुरड्यावर आली की आमची झोप संपते. माळ्यावर बसून रात्रभर जागल करायची, डबे वाजवायचे, आणि तरी पहाटे बघावे तो चार तासे आडवी. रानडुकरांनी खाल्ले थोडे, लोळवले जास्त. कपाशीचे कोवळे शेंडे रोही खुडून नेतात. या जाचापायी पुष्कळांनी ज्वारी पेरणेच सोडले. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडब्यामागून गोठ्यातली बैलजोडी गेली.

शहरातले शहाणे म्हणतात, तुम्हीच जनावरांच्या घरात शिरलात. एकदा हिशेब मांडूच.

आपल्या पानझडी जंगलात जनावरांचे वर्षाचे रेशन ठरलेले असते. हिवाळ्यात बोरे आणि आवळे. फाल्गुनात पळसाची फुले. चैत्रात मोहाचा सडा. त्यावर अस्वल, चितळ, रानडुक्कर सगळ्यांचे भागते. मग टेंभुर्णी, उंबर, जांभूळ. वानर झाडावर बसून निम्मे खाते, निम्मे खाली टाकते. खाली चितळ ते वेचतात. चितळाने खाल्लेल्या आवळ्याची बी रवंथ करताना दुसरीकडे पडते. अस्वलाच्या विष्ठेतून टेंभुर्णी उगवते. झाड जनावराला पोसते, जनावर झाड पेरते. यात सरकारचा एक पैसा खर्च होत नव्हता.

ही कोठी रिकामी कोणी केली? इंग्रजांच्या काळापासून वनखात्याची नजर लाकडाच्या भावावर. साग तेवढा मोलाचा, बाकी झाडे किरकोळ. १९७४ साली राज्याचे वनविकास महामंडळ निघाले आणि मिश्र जंगल तोडून सलग साग लावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. सागाचे जून पान चितळ फारसे खात नाही आणि त्याचे फळ म्हणजे मोह नव्हे. उरल्या मोकळ्या जागेत रायमुनिया माजली. तिला गुरे तोंड लावत नाहीत, आणि तिच्याखाली गवत येत नाही. लाकडाचे पैसे सरकारी तिजोरीत गेले, चाऱ्याचे बिल आमच्या धुऱ्यावर आले.

खरे ते सारेच बोलले पाहिजे. जंगल भरले तरी रानडुक्कर ज्वारीला येणारच. दाणेदार कणीस त्याला कंदापेक्षा गोड. रोही तर दाट जंगलातला नव्हेच, तो झुडपी रानाचा आणि गायरानाचा. गायराने कशी आटली, हे आपल्या गावागावाला ठाऊक आहे. मोहफूल वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला आपणच पेटवतो आणि त्यात उद्याची रोपे जळतात. ही आमची चूक आम्ही पदरात घेतो. सरकारने आपली घ्यावी.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी केली. मेलेले वन्य जनावर सापडले तर ते सरकारची मालमत्ता, असे त्याच कायद्याचे ३९ वे कलम सांगते. मेल्यावर जे सरकारचे, ते जिवंतपणी कुणाचे? त्याने रात्रीतून खाल्लेल्या ज्वारीचे देणे कुणाचे? २०१५ साली राज्य सरकारने पिके नासवणारे रोही आणि रानडुक्कर परवानगी घेऊन मारण्याची वाट काढली. पण अर्ज करा, पंचनामा करा, परवाना आणा, आणि परवान्याची बंदूक कोरडवाहू शेतकऱ्याने आणावी कुठून?

आम्हाला जनावरांचे वैर नाही, दयेची भीकही नको. मागण्या तीनच आहेत. सागाची तोड होईल तिथे पुन्हा नुसता साग नको. मोह, टेंभुर्णी, आवळा, बेहडा, उंबर लावा. रायमुनिया मुळासकट काढण्याचे काम रोजगार हमीतून गावाला द्या, तिथे गवत येऊ द्या. आणि नुकसानीची भरपाई बाजारभावाने, कडब्यासकट, ठरल्या मुदतीत द्या.

वाघ-हरणे सगळ्या देशाची असतील, तर त्यांच्या जेवणाचा खर्चही सगळ्या देशाने उचलावा. एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने ही पंगत किती वर्षे वाढायची?