दबंग दिल्ली : विजेता संघ उभा राहिला, क्लबचे काय?

नवी दिल्ली : त्यागराज स्टेडियममध्ये ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी झालेल्या प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणवर ३१-२८ अशी मात केली. महाराष्ट्रातील कबड्डीप्रेमींच्या वाट्याला त्या रात्री निराशा आली खरी. मात्र दिल्लीच्या चढाईची बाजू नीरज नरवालसोबत सांभाळणारा अजिंक्य पवार हाही मराठी मातीतलाच खेळाडू. लिलावावर उभ्या असलेल्या या स्पर्धेत संघाचे नाव एका शहराचे आणि खेळाडू दुसऱ्या प्रांताचा, हे आता कोणाला खटकत नाही. दिल्लीच्या बाबतीत मात्र या विसंगतीला थोडा जुना इतिहास आहे.

जुलै २०१४ मध्ये आठ संघांसह लीग सुरू झाली तेव्हा दबंग दिल्ली त्यांत होती. त्या पहिल्या लिलावात सर्वाधिक, १२ लाख ८० हजार रुपयांची बोली लागलेला राकेश कुमार हा दिल्लीच्याच निजामपूर गावचा; पण तो गेला पाटण्याकडे. त्याच गावचा मनजीत छिल्लर बंगळुरूकडून खेळला. गुरुग्रामजवळच्या पालडा गावातून आलेल्या अनुप कुमारने तर २०१५ मध्ये यू मुंबाला विजेतेपद मिळवून दिले. राजधानी परिसरातील गुणवत्तेवर इतर शहरांचे संघ पोसले जात होते आणि ज्या संघाच्या छातीवर दिल्लीचे नाव होते, त्याला पहिल्या पाच हंगामांत एकदाही बाद फेरी गाठता आली नाही.

बदल घडला २०१८ मध्ये. प्रशिक्षक कृष्णकुमार हुडा यांच्या हाताखाली नव्या दमाच्या खेळाडूंना संधी देण्यात आली. त्यांत भिवानीचा अठरा वर्षांचा नवीन कुमार होता. मोठ्या नावांवर पैसा ओतण्याऐवजी एका पोरसवदा चढाईपटूला पूर्ण हंगाम खेळवण्याचा तो निर्णय होता आणि संघाच्या उभारीचे श्रेय प्रामुख्याने त्यालाच द्यावे लागेल. त्या हंगामात दिल्लीने प्रथमच बाद फेरी गाठली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, अहमदाबादच्या अंतिम सामन्यात बंगालने ३९-३४ असे हरवले. करोनाच्या सावटाखाली बंगळुरूत प्रेक्षकांविना झालेल्या आठव्या हंगामात मात्र २५ फेब्रुवारी २०२२ रोजी पाटण्याला ३७-३६ असे अवघ्या एका गुणाने नमवून दिल्लीने पहिला करंडक उंचावला. नवीनच्या चपळाईच्या मागे जोगिंदर नरवाल, मनजीत छिल्लर, जीवा कुमार अशा तिशी ओलांडलेल्या बचावपटूंची भिंत होती. निजामपूरचा मनजीत अखेर दिल्लीकडून जिंकला, तो असा कारकिर्दीच्या उत्तरार्धात.

तेव्हाचा कर्णधार जोगिंदर नरवाल २०२५ मध्ये प्रशिक्षक म्हणून जिंकला. खेळाडू दरवर्षी विखुरले जात असताना एवढी सलगता राखणे सोपे नाही. नवीन कुमारला २०२५ च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने १ कोटी २० लाखांना घेतले. दिल्लीने आपल्या विशेष अधिकाराचा वापर करून आशु मलिकला १ कोटी ९० लाखांना परत मिळवले. फजल अत्राचली आणि सुरजीत सिंग यांच्या रूपाने बचावात पुन्हा अनुभवाला प्राधान्य दिले. जुनेच सूत्र, माणसे नवी.

याच परिसरात बास्केटबॉलचे काय झाले, हे ताडून पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या एनबीएने मे २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात निवासी अकादमी उघडली. तेथून प्रिन्सपाल सिंग अमेरिकेतील जी लीगपर्यंत पोहोचला. पण अकादमीतून बाहेर पडणाऱ्या मुलाने देशात कोणत्या क्लबकडून खेळायचे, याचे उत्तर मिळाले नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए ही व्यावसायिक स्पर्धा २०१७ नंतर थांबली. आफ्रिकेत एनबीएने ‘फिबा’च्या साथीने वेगळी वाट धरली. २०२१ मध्ये किगालीत बारा क्लबांची बास्केटबॉल आफ्रिका लीग सुरू झाली आणि पहिले विजेतेपद इजिप्तच्या झमालेकने मिळवले. झमालेक हा शतकभराहून जुना, सभासद आणि स्वतःची मैदाने असलेला क्लब आहे. अशा क्लबांना, आणि पात्रता फेऱ्यांतून वर येणाऱ्या नव्या संघांना, तिथे खंडाचे व्यासपीठ मिळाले. कबड्डीलाही असाच गावोगावच्या आखाड्यांचा आणि मंडळांचा पाया लाभला होता. सोनीपत, रोहतकच्या मुलाला हा खेळ कोणी शिकवावा लागला नाही, जसा तो कोकणातल्या वा मुंबईच्या गिरणगावातल्या मुलाला शिकवावा लागला नव्हता.

तरीही दबंग दिल्लीला क्लब म्हणावे का, असा प्रश्न उरतो. बारावा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत झाला. अंतिम सामना दिल्लीत आला आणि विजेत्यांना घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकता आले, हा वेळापत्रकाने दिलेला लाभ होता. पुणे आणि मुंबईच्या वाट्याला तर त्या हंगामात एकही सामना आला नाही. संघमालकाने मनात आणले तर शहर बदलते, हेही दिल्लीकरांनी अनुभवले आहे. २०१४ मध्ये सुरू झालेला दिल्ली डायनामोज हा फुटबॉल संघ २०१९ मध्ये भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला.

खेळाडूच्या दृष्टीने याहून गंभीर बाब महासंघाची आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ मधील निकालानंतर राष्ट्रीय कबड्डी महासंघाचा कारभार अनेक वर्षे प्रशासकाकडे राहिला. आंतरराष्ट्रीय मान्यतेवर गदा आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडून आलेल्या समितीकडे सूत्रे देण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे इराणमधील आशियाई स्पर्धेत महिला संघाच्या सहभागाचा मार्ग मोकळा झाला. लीगमध्ये बोली कोटींवर गेली असली, तरी लिलावात नाव न येणाऱ्या मुलांची भिस्त आजही रेल्वे, सैन्यदल आणि पोलिसांतील क्रीडा कोट्यावर आहे. आणि त्या नोकरीसाठी लागणारी राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे महासंघाकडूनच येतात.