वेताळाची अट

फँटसीची पटकथा लिहायला बसलेल्यांचं म्हणणं साधारण असं असतं: वास्तववादी सिनेमात हात बांधलेले असतात, इथे ते मोकळे. राक्षस उडवा, काळ मागे न्या, मेलेल्याला उठवा. नियमच पाळायचे तर नोकरी काय वाईट? आणि प्रेरणा म्हणाल, तर उज्जैनसारख्या गावात ती पायलीला पन्नास. महाकाळ, चक्रतीर्थाचं स्मशान, भर्तृहरीची गुहा, क्षिप्रेचा घाट. कॅमेरा लावायचाच काय तो अवकाश.

यातलं मला काहीच पटत नाही. आधी प्रेरणेचं बघू.

वेताळाच्या गोष्टी उज्जैनच्या, हे आपण गृहीतच धरतो. पण सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त तो राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. नाव त्रिविक्रमसेन. पुढे लोकांनी ती गोष्ट उचलून उज्जैनच्या विक्रमादित्याच्या खांद्यावर दिली. नदी बदलली, गाव बदललं, राजा बदलला. कुणाचं काही अडलं नाही. टिकली ती अट. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी परत झाडावर. ज्यांना घाटावरच्या धुक्यात प्रेरणा दिसते त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आता ती अट करते काय, ते पाहा. राजाचं शहाणपण हीच त्याच्या पायातली बेडी होते. प्रत्येक बरोबर उत्तर त्याला पुन्हा झाडाकडे पिटाळतं. मग शेवटचं कोडं येतं: बापाने मुलीशी आणि त्याच्या मुलाने तिच्या आईशी लग्न केलं, तर दोन्हीकडच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजा गप्प. हट्टाने नव्हे, त्याला खरंच येत नाही. वेताळ प्रसन्न होतो आणि राजाला झाडावरचं प्रेत आणायला धाडणाऱ्या भिक्षूचा डाव फोडतो. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तेव्हा म्हणायचं, मी राजा, मला वाकायची सवय नाही, आधी तुम्ही दाखवा. भिक्षू वाकतो आणि राजाची तलवार फिरते. एकही चमत्कार आयत्या वेळी आकाशातून पडलेला नाही. 1985 साली रामानंद सागरांच्या मालिकेत अरुण गोविलच्या पाठीवर सज्जन लटकले, तेव्हा त्यातले ट्रिक सीन बाळबोधच होते. तरी आम्ही पोरं जागची हलत नव्हतो, कारण राजा आता तोंड उघडणार हे कळत होतं आणि त्याने उघडू नये असं वाटत होतं.

तंत्र सुधारलं म्हणून हा हिशेब बदलला नाही. राही अनिल बर्वे यांच्या 2018 च्या ‘तुंबाड’ने नारायण धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतली, पण सिनेमा उभा आहे तो कणकेच्या बाहुलीवर. शापित देव हस्तर भुकेला आहे, तो बाहुली खातो तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातली नाणी काढायची, पिठाच्या रिंगणाबाहेर पाय टाकायचा नाही. बापलेक हावेपोटी एकदम पुष्कळ बाहुल्या नेतात आणि तितकेच हस्तर उतरतात. नियम मोडलेला नाही, नियमाने शब्द पाळला आहे!

उलट टोकाचीही माणसं असतात. मायावी राज्याच्या वंशावळी, नकाशे, मंत्रांचे दरपत्रक. वही भरते आणि पहिला सीन राहून जातो. नायकाच्या गळ्याशी न येणारा नियम कापून टाकावा, इतकंच त्यांना सांगणं आहे.

पुन्हा उज्जैनकडे येऊ. तिथल्या कालभैरवाच्या देवळात पुजारी बशीत दारू ओततो, बशी मूर्तीच्या ओठाला तिरकी लावतो आणि ती हळूहळू रिकामी होते. बाटलीत उरलेली भक्ताला प्रसाद म्हणून परत. जो तो विचारतो, दारू जाते कुठे? पटकथेच्या दृष्टीने हा फुकट प्रश्न. ती परत येते, यात खरी मेख आहे. दारू सोडल्याचा नवस फेडायला आलेल्या माणसाने तो प्रसाद घ्यायचा की नाकारायचा?

आणि या गावाला तर चालता-बोलता नियमच मिळाला आहे. उज्जैनचा राजा महाकाळ, म्हणून दुसऱ्या राजाने इथे रात्र काढायची नाही. शिंदे घराणंही हे पाळत आलं, असं सांगतात. डिसेंबर 2023 मध्ये उज्जैनचेच मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि रात्री आपल्या घरी राहिले. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली तेव्हा उज्जैन कुणी बळकावू नये म्हणून ही समजूत पसरवली गेली, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्याने भागलं असतं. पण आपण महाकाळाचा मुलगा, हेही त्यांनी जोडलं. नियम नुसती भाकडकथा असता, तर मुलाच्या नात्याने आत शिरायची गरज काय होती? पटकथाकाराने नेमकं इथे थांबून विचारावं, की मुलाला थोरला भाऊ निघाला तर?