नाव जुळले, माणूस जुळला का?

देशांतर्गत विमानप्रवास ही आता मूठभर लोकांची चैन राहिलेली नाही. २०२४ या एका वर्षात १६ कोटींहून अधिक प्रवासी देशातल्या देशात विमानाने गेले. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेचा आरंभ झाला, तेव्हाच्या पहिल्या विमानांत नांदेड-हैदराबाद हे विमान होते. डिसेंबर २०२३ मध्ये अयोध्येचा विमानतळ सुरू झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही उड्डाणे होऊ लागली. आयुष्यात प्रथमच विमानात बसणारे आजी-आजोबा, मुलाकडे बंगळुरूला निघालेले निवृत्त शिक्षक, काशीयात्रेला जाणारी भजनी मंडळातील मंडळी असा हा नवा प्रवासीवर्ग आहे. या प्रत्येकाला विमानतळाच्या दारातच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. तुम्ही कोण?

नियम तसा उदार आहे. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने ऑक्टोबर २०१७ मध्ये दहा प्रकारच्या ओळखपत्रांची यादी जाहीर केली. पारपत्र, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना येथपासून राष्ट्रीयीकृत बँकेच्या छायाचित्र असलेल्या पासबुकापर्यंत त्यात बरेच काही आहे. मोबाइलमधील आधारलाही तेव्हाच मान्यता मिळाली. आई-वडिलांबरोबर जाणाऱ्या अल्पवयीन मुलांना वेगळे ओळखपत्र लागत नाही. यांतले काहीच जवळ नसेल, तर राजपत्रित अधिकाऱ्याच्या छायाचित्रासह दिलेल्या प्रमाणपत्राची वाटही ठेवलेली आहे. येथे नागरिकत्व तपासले जात नाही, हे ध्यानात घ्यावे. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्यातच नमूद आहे. तिकिटावरील नावाचा माणूस तो हाच का, एवढाच विमानतळाच्या दारातील प्रश्न आहे. तथापि तेवढ्या प्रश्नाचे खरे उत्तर न मिळाल्याने काय घडू शकते, हे या देशाने रक्त सांडून पाहिले आहे.

२२ जून १९८५ रोजी कॅनडातील व्हॅनकूव्हर विमानतळावर ‘एम. सिंग’ या नावाच्या तिकिटावर एका माणसाने टोरोंटोच्या विमानासाठी आपली बॅग दिली. ती बॅग परस्पर एअर इंडियाच्या विमानात चढवावी, असा त्याचा हट्ट होता. पुढच्या विमानातील त्याची जागा निश्चित झालेली नव्हती. त्यामुळे काउंटरवरील कर्मचारी प्रथम तयार होईना. मागे रांग वाढत होती, हा माणूस हुज्जत घालत होता. अखेर बॅग स्वीकारली गेली. बॅग टोरोंटोला पोहोचली, ‘एम. सिंग’ मात्र विमानात चढलाच नाही. ते कॅनडाचे देशांतर्गत विमान होते. त्या माणसाचे खरे नाव काय, हे कोणी विचारले नाही, आणि बॅगेचा धनी विमानात बसला आहे का, हेही कोणी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रावर असताना ‘कनिष्क’ विमान त्या बॅगेसह हवेतच फुटले. ३२९ माणसे मेली. त्याच कटातील दुसरी बॅग जपानच्या नारिता विमानतळावर फुटून दोन कामगार ठार झाले. त्यानंतर १९८७ मध्ये सुरक्षा ब्युरोला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. सामानाचा धनी विमानात नसेल तर त्याचे सामानही उतरवायचे, हा आज प्रवाशाला वेळखाऊ वाटणारा दंडक त्या ३२९ जणांच्या मरणातून धडा घेऊन कठोर झालेला आहे.

खोट्या नावाचा हा खेळ तेथेच थांबला नाही. २४ एप्रिल १९९३ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून अमृतसरला उतरवण्यात आले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षकांनी अपहरणकर्त्याला ठार करून सर्व प्रवाशांची सुटका केली. तो स्वतःचे जे नाव सांगत होता, ते त्याचे नव्हतेच. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेल्या विमानाची कथा तर सर्वांना मुखोद्गत आहे. त्या विमानात रुपिन कत्याल या तरुणाचा खून झाला आणि कंदहारला तीन दहशतवादी सोडून द्यावे लागले. ते अपहरणकर्ते आपसांत ‘भोला’ आणि ‘शंकर’ अशाही नावांनी हाका मारीत होते. त्यांची खरी नावे ६ जानेवारी २००० रोजी गृहमंत्रालयाने जाहीर केली. तरीही २०२४ मध्ये त्या प्रसंगावरील वेबमालिकेत टोपणनावेच ठळक झाली आणि गदारोळानंतर खरी नावे दाखवणे भाग पडले! कंदहारच्या धक्क्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास प्रारंभ झाला. आज प्रवेशद्वारावर उभा असतो तो जवान बहुधा याच दलाचा.

त्या जवानाबद्दल आदर बाळगूनच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सकाळच्या गर्दीत एका प्रवाशासाठी त्याच्या वाट्याला काही क्षण येतात. तेवढ्यात तिकिटावरील नाव, पत्रावरील नाव, पत्रावरचे पंधरा वर्षांपूर्वीचे छायाचित्र आणि समोरचा चेहरा त्याने जुळवायचा. पत्र खरे की बनावट, हे नुसत्या डोळ्यांनी कसे कळावे? याच दलाच्या जवानांनी जून २०२४ मध्ये संसदेच्या दारात बनावट आधारपत्रे घेऊन आलेल्या तिघांना अडवले, ही त्यांच्या दक्षतेची साक्ष आहे. पण बनावट पत्र घेऊन माणसे संसदेच्या दारापर्यंत येण्यास धजावतात, हेही त्यातूनच दिसते. आणि दारातून आत गेल्यावर काय? एप्रिल २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर दोन परदेशी प्रवाशांनी प्रसाधनगृहात आपापल्या बोर्डिंग पासची अदलाबदल केली आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या पासवर लंडनच्या विमानात बसून निघूनही गेला. दोघांचीही ओळख दारात तपासली गेली होती. विमानाच्या दाराशी मात्र पास तपासला गेला, माणूस नाही.

ज्याच्या मनात काही काळेबेरे नाही, त्या माणसाची मात्र या नियमांनी पुरती दमछाक होते. आपल्याकडील नावांची रीतच पाहा. महाराष्ट्रात नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव, मग आडनाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. तिकिटाच्या अर्जात दोनच रकाने, पहिले नाव आणि शेवटचे नाव. मधल्या नावाचे काय करायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे. त्यातून लग्नात नाव बदलण्याची चाल. सत्तरीच्या बाईचे मतदार ओळखपत्र सासरच्या नावाचे, पेन्शनचे कागद माहेरच्या नावाचे आणि आधारवर ‘बाई’ जोडलेले किंवा गाळलेले असे सर्रास आढळते. रोमन लिपीत ‘देशपांडे’ आणि ‘दीक्षित’ किती प्रकारे लिहिले जातात, याची मोजदाद कोणी करावी? तिकीट नातवाने घाईघाईत काढलेले असते आणि आजी दारात अडकतात. थेट विमान कंपनीकडून तिकीट काढले असल्यास चोवीस तासांत स्पेलिंगची चूक विनाशुल्क दुरुस्त करून मिळते, हे किती कुटुंबांना ठाऊक आहे? दलालामार्फत काढलेल्या तिकिटाचे तर विचारूच नये. सुरक्षेच्या यंत्रणेने ‘एम. सिंग’ला अडवायचे असते, कोल्हापूरच्या आजींना नव्हे, आणि या दोघांतील फरक ओळखण्याचे साधन आज दारातील जवानाच्या हाती नाही.

असे साधन देण्याचा एक प्रयत्न झाला आहे आणि तो स्वागतार्ह आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी येथे ‘डिजी यात्रा’ सुरू झाली. पुढे पुणे, मुंबई अशी तिची व्याप्ती वाढली. आधारच्या साहाय्याने एकदा नोंदणी केली की, चेहरा हेच ओळखपत्र होते आणि प्रवेशद्वारापासून विमानाच्या दारापर्यंत तोच चेहरा त्याच बोर्डिंग पासशी जुळवला जातो. प्रसाधनगृहातील अदलाबदल तेथे चालणार नाही. माहिती प्रवाशाच्या मोबाइलमध्येच राहते आणि विमानतळाकडे आलेली माहिती उड्डाणानंतर चोवीस तासांत पुसली जाते, अशी ग्वाही दिलेली आहे.

ही ग्वाही कोण देत आहे, हेही मात्र पाहिले पाहिजे. ‘डिजी यात्रा’ चालवणारी संस्था म्हणजे सरकारी खाते नव्हे. २०१९ मध्ये स्थापन झालेली ती एक ना-नफा कंपनी आहे. तीत विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, तर उर्वरित वाटा पाच विमानतळ कंपन्यांचा होता. २०२४ मध्ये तर जुने अॅप काढून टाकून नवे घ्या, असे प्रवाशांना सांगण्याची वेळ आली. योजना ऐच्छिक असल्याचे सरकार सांगते. तरीही दारात उभ्या कर्मचाऱ्यांनी नीट न सांगताच चेहरा टिपून घेतल्याच्या तक्रारी प्रवाशांनी केल्या आहेत. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. संमती विचारून घेणे ही ज्या यंत्रणेला अडचण वाटते, तिच्या हाती चेहरा देताना सामान्य माणूस कचरणारच. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी रांगेत उभे राहण्यास येथील माणसाने कधी खळखळ केलेली नाही. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर मे २०२५ मध्ये विमानाच्या शिडीपाशी पुन्हा तपासणी सुरू झाली, तीन तास आधी या असे सांगण्यात आले, लोक आले.

अमेरिकेने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, २००५ मध्ये देशांतर्गत प्रवासासाठी एकसारख्या कसाच्या ओळखपत्राचा कायदा केला. तो विमानतळावर प्रत्यक्षात लागू होण्यास ७ मे २०२५ उजाडावे लागले! आपल्याकडे वीस वर्षे थांबण्याचे कारण नाही. आधारच्या क्यूआर संकेतात प्राधिकरणाची अंकीय स्वाक्षरी असते. ती वाचणारे यंत्र प्रत्येक प्रवेशद्वारावर देता येईल, म्हणजे बनावट पत्र जवानाच्या नजरेवर न सोडता तेथेच उघडे पडेल. ज्यांना ‘डिजी यात्रा’ नको आहे, त्यांच्या पासवरील नाव विमानाच्या दाराशी ओळखपत्राबरोबर एकदा पुन्हा पाहिले जावे. तिकिटाच्या अर्जात आधारवर आहे तसेच संपूर्ण नाव लिहिण्याची सोय सर्व विमान कंपन्यांना सक्तीची करावी, आणि नाव दुरुस्तीची सवलत दलालामार्फत काढलेल्या तिकिटांनाही लागू करावी. चेहरा देऊ न इच्छिणाऱ्यांसाठी पुरेशा जवानांचे साधे प्रवेशद्वार प्रत्येक विमानतळावर कायम राहिले पाहिजे. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने यासंबंधी लेखी आदेश काढावा आणि तो मराठीसह सर्व भारतीय भाषांत विमानतळाच्या दारावर लावावा.