भारतात संरक्षित ताहर, न्यूझीलंडमध्ये मात्र शिकारीची मुभा, असं का?

न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्स पर्वतात परदेशी शिकारी तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन कित्येक दिवस पायी फिरतात. लक्ष्य असतं हिमालयातली जंगली शेळी, म्हणजेच ताहर. भारतात या प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे. मग तिथे परवानगी कशी?

ताहर तिथे पोहोचला कसा?
१९०४ मध्ये ब्रिटनमधल्या बेडफर्डच्या ड्यूकने भेट दिलेले ताहर माउंट कुकजवळ सोडण्यात आले. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं वगळता जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. त्यामुळे चरणाऱ्या कळपांपुढे तिथल्या पर्वतीय वनस्पती टिकत नाहीत. म्हणून १९९३ च्या सरकारी आराखड्यात ताहरच्या संख्येवर १० हजारांची मर्यादा घालण्यात आली.

शिकारीला जायला काय लागतं?
शिकारीसाठी खुल्या असलेल्या सरकारी जमिनीवर संवर्धन विभागाचा परवाना मोफत मिळतो. बंदुकीसाठी परदेशी पाहुण्यांना वेगळा परवाना काढावा लागतो. हिवाळ्यात हिमस्खलनाचा धोकाही लक्षात घ्यावा लागतो.

मग वाद कशाचा?
२०१९ पर्यंत ताहरची अंदाजित संख्या मर्यादेच्या तिपटीवर गेली होती. शिकाऱ्यांना हवा असतो आयाळ असलेला मोठा नर. पण पिल्लं देणाऱ्या माद्या उरल्या, तर कळप वाढतच राहतो. म्हणून सरकार हेलिकॉप्टरमधूनही ताहर मारतं. २०२० मध्ये राष्ट्रीय उद्यानांतले नरही मारायचं ठरलं, तेव्हा शिकाऱ्यांच्या बाजूने प्रकरण न्यायालयात गेलं.

थोडक्यात, तिथे शिकारीला मुभा आहे ती संख्या घटावी म्हणून; पण फक्त नर टिपून ती घटत नाही.