सराव रात्रीचा हवा

स्वीडनच्या 'वायकिंग' सरावात 'बोगालँड' नावाचा देश असतो. नकाशावर तो नाही. तरी तिथला संघर्ष, निर्वासित, अडलेली मदत हे सारं गृहीत धरून सैनिक, पोलीस आणि मदतसंस्था एकत्र शिकतात. मी सावद्याचा केळी उत्पादक. आमच्या तापीकाठासाठीही असं एक कल्पित गाव रचायला हवं. मध्यरात्र, हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडलेले, वीज गेलेली, बागेत झोपलेली पावरी बोलणाऱ्या मजुरांची कुटुंबं. त्यांना कोण उठवणार, कोणत्या भाषेत? राज्य आपत्ती प्रतिसाद दल धुळ्याहून येईपर्यंतचे तास गावालाच निभवायचे आहेत. म्हणून सरावात तलाठी, कोतवाल, ट्रॅक्टरवाले आणि मजुरांचे मुकादम हवेतच. दरवर्षी, पावसाळ्याआधी आणि रात्रीच.