मोतीची पिशवी

माझी मामेबहीण चेन्नईच्या दक्षिणेला शोळिंगनल्लूरला राहते. घरात ती, भावोजी, शाळकरी मुलगी आणि चौथा मोती. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाचा पाऊस कोसळला आणि त्यांच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरलं. मग गल्लीत रबरी होडी आली. "पाच मिनिटांत निघा," होडीवाल्याने बजावलं.

ताईची पिशवी तयार होती. कागदपत्रं, औषधं, मुलीचे कपडे, सगळं त्यात होतं. मोतीसाठी मात्र काहीच नव्हतं. त्याची साखळीही पाण्यात कुठे गेली ते कळेना. बिचारा घाबरून सारखा भुंकत होता. "कुत्रा नको," होडीवाला म्हणाला. शेवटी भावोजी मोतीला ओढणीने बांधून वरच्या शेजाऱ्यांकडे थांबले आणि ताई मुलीला घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी सगळे भेटले, पण ती रात्र तिने कशी काढली ते तिलाच ठाऊक!

होडीवाल्याला दोष कसा द्यायचा? २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते आपल्याला आठवत असेलच. हवेच्या होडीत उड्या मारणारा, नखं रोवणारा कुत्रा सगळ्यांनाच धोक्याचा. दुसरीकडे, जनावर मागे ठेवून माणसाचा पाय निघत नाही हेही खरं. २००५ च्या कॅटरिना वादळात अमेरिकेत कित्येकांनी पाळीव प्राण्यांपायी घर सोडलं नाही. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि आपत्तीच्या योजनेत या प्राण्यांचाही विचार करणं आलं. आपल्यापुरती तयारी मात्र आपणच करायला हवी.

आपल्याकडे दसऱ्याला छत्र्या माळ्यावर जातात. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर! पळ्ळिकरणैच्या पाणथळीचं पाणी बकिंगहॅम कालव्यात उतरतं आणि कोवळमच्या खाडीतून समुद्राला मिळतं. शोळिंगनल्लूर या वाटेवरच आहे. म्हणून तिथे पिशवी सप्टेंबरातच भरावी. आपल्याकडे नदीकाठी राहणाऱ्यांनी ती मे महिन्यात भरावी.

पिशवीत काय असावं? सगळ्यात आधी छातीपट्टा. नुसत्या गळ्याच्या पट्ट्याने ओढून उचललं तर कुत्र्याला फास बसतो. पाठीवर मूठ असलेला छातीपट्टा असेल तर त्याला पाण्यातून वर घेणं सोपं जातं. जोडीला एक जादा दोरी आणि तोंडाची जाळी. घट्ट झाकणाच्या डब्यात तीन दिवसांचं कोरडं खाणं. पिण्याचं पाणी वेगळं घ्या. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण पाऊण लिटर लागतं. लसीचं कार्ड, परवाना आणि घरच्यांसोबतचा त्याचा फोटो प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. हरवला तर तो फोटोच कामी येतो. शिवाय जुना टॉवेल, रद्दी आणि तुमची एखादी वापरलेली ओढणी. ओळखीच्या वासाने कुत्रा लवकर शांत होतो. डॉक्टरांना न विचारता झोपेचं औषध मात्र मुळीच देऊ नका.

पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. तेव्हा त्याची लस दरवर्षी वेळेवर द्या, ते पाणी त्याला पिऊ देऊ नका आणि सुखरूप पोचल्यावर पाय धुऊन कोरडे करा.

होडीत त्याला मधोमध, तळाशी, जाड गोणपाटावर बसवावं. नखं आधीच कापलेली असावीत. दोरी हातात धरावी. ती होडीला कधीही बांधू नये, कारण होडी उलटली तर कुत्रा अडकतो. हे त्या दिवशी शिकवून जमत नाही. घरात रोज दहा मिनिटं छातीपट्टा घालून त्याला चटईवर गप्प बसायची सवय लावा. दोरीला धरलेला, शांत बसलेला कुत्रा पाहिला तर होडीवालाही कदाचित जागा करून देईल.

ताईकडे आता दाराच्या खुंटीवर दोन पिशव्या असतात. दर रविवारी ती मोतीची पिशवी काढून सराव घेते. मोतीला मात्र वाटतं, फिरायलाच निघालो. पिशवी हलली की शेपटी हलवत तो दारात हजर!