पेट्या कुणी रचल्या?

सगळे शहाणे याद्या करतात. आजवरचे सर्वोत्तम बंदूकबाजीचे व्हिडिओ गेम, पहिला नंबर, दुसरा नंबर. मलाही विचारलं, तुझे आवडते कोणते? सांगतो. पण ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

मी वाशीचा. नवी मुंबईतली नव्हे, धाराशिव जिल्ह्यातली, दुष्काळाची वाशी. दहावी पास. आता मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडे पेट्या उचलतो, रात्री कविता लिहितो. शाळेत असताना तासाला १० रुपये मोजून कॅफेत 'काउंटर-स्ट्राइक' खेळलो. या खेळात तुमचं तोंड दिसत नाही. दिसतात दोन हात आणि बंदूक. आडनाव कुणी विचारत नाही. शेजारच्या कॉम्प्युटरवरचा पाटलाचा पोरगा ओरडायचा, "आरं, मागनं ये, वाचीव मला!" मी वाचवायचो. त्याच्याच घरच्या लग्नात माझी पंगत वेगळी बसवली. १० रुपयांची समता तास संपला की संपते, दोस्तहो!

तरी या खेळांना नाकं मुरडणाऱ्या सोवळ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. पोरं बिघडतात म्हणे! पोरं उपाशी होती तेव्हा हे कुठं होते? १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाईन'मध्ये हिटलरला गोळ्या घालायला मिळतात. मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

माझं भांडण वेगळं आहे. बंदूक कुणाच्या हातात आणि नळीपुढं कोण? २००२ साली अमेरिकेच्या लष्करानं 'अमेरिकाज आर्मी' हा खेळ फुकट वाटला, भरतीसाठी. त्यात दोन टोळ्या लढतात. पण दोन्हीकडच्या गड्याला आपल्या पडद्यावर आपणच अमेरिकन शिपाई दिसतो आणि समोरचा दुश्मन! काय डोकं लावलंय! उपाश्याला उपाश्याशी झुंजवायची ही कला आम्हाला गावातच ठाऊक झाली होती. २००९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर २'मध्ये रिओच्या झोपडपट्टीत घुसून गोळ्या झाडायच्या. खेळता खेळता माझा हात थांबला. ते पत्रे माझ्या ओळखीचे होते.

आणि पेट्या! जिथं जावं तिथं पेट्या. २००७ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी'त 'शिपमेंट' नावाचं मैदान आहे. नुसते कंटेनर. त्यांच्या आडोशानं मारामारी. पण तिथं हमाल नाही, मुकादम नाही, चहावाला पोऱ्या नाही. मग त्या पेट्या रचल्या कुणी? देवानं? लपायला आमची पेटी पाहिजे, पण पेटी उचलणारा पडद्यावर नको! तिथं मेलेला दोन-चार सेकंदात पुन्हा उभा राहतो. आमच्या पाळीतला एक जण पेटीखाली सापडला. त्याचा पाय परत आला नाही.

म्हणून माझा पहिला नंबर १९९८ च्या 'हाफ-लाइफ'चा. त्याचा नायक पीएचडी झालेला शास्त्रज्ञ, पण सुरुवातीलाच ढकलगाडी ढकलतो. साहेबानं एकदा गाडी ढकलली आणि जगबुडी आली! आम्ही रोज ढकलतो, जग आमच्यावर चालतं. त्याचं पहिलं हत्यार बंदूक नव्हे, पहार. त्या पहारीनं तो लाकडी पेट्या फोडतो. पहार आमची आहे. ती हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा पडद्यावरचा 'मी' मला मी वाटला.

दुसरा नंबर मी रिकामा ठेवतोय. तो खेळ अजून व्हायचाय. कॉम्प्युटर शिकणाऱ्या आमच्या पोरांनो, 'काउंटर-स्ट्राइक' आधी कुठल्या कंपनीनं नाही बनवला. १९९९ साली दोन विद्यार्थ्यांनी याच 'हाफ-लाइफ'ची मोडतोड करून तो उभा केला. दुसऱ्याच्या घरात घुसून आपली भिंत बांधली त्यांनी. तुम्हाला कुणी अडवलंय? बनवा एक खेळ, ज्यातला 'मी' वाशीहून निघतो, गोदीत उतरतो आणि त्या पेट्या कुणाच्या बापाच्या, हे विचारतो.

तोवर तुमच्या याद्या तुम्हाला लखलाभ!